नाव पडलेला वाटा

आमच्या घरात कुत्रा एकच होता, पण तो जेवायला बसला की घरातली सगळी माणसं अंग चोरून भिंतीच्या कडेकडेने चालायची. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, अंगणात कुठे देव बसवला असेल, त्याला पाय लागू नये म्हणून जपत असतील. मीही बापडी दोन दिवस तशीच जपून चालले. मग कळलं, देवबीव काही नाही, झिंग्या जेवतो आहे.

त्या कुत्र्याने मला जेवढा ताप दिला तेवढा सासूने दिला नाही, नवऱ्याने दिला नाही. पण हे लिहायला बसले आहे ते कुत्र्याबद्दल नाही. कुत्र्याचे मालक, म्हणजे माझे सासरे डोमा, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. पुढे मी गावच्या बालवाडीत बाई झाले, रोज पोरांना खाऊ वाटला, आणि प्रत्येक वेळी मला ते आठवले. कधी प्रेमाने, बऱ्याचदा वैतागाने.

आम्ही धिवर. तळ्यावर जगणारी माणसं. मूल गावाच्या बाजूला, जंगलाच्या कडेला आमचं गाव, आणि गावापेक्षा मोठं तळं. थोडी बांधी, म्हणजे धानाचं शेत, बाकी मासळी, आणि त्यावरही भागलं नाही तर दुसऱ्याच्या बांधीत रोजी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळा धिवरपुरा, म्हणजे आमची वस्ती, मिळून मोठं जाळं ओढायचा. मासळी तळ्याच्या बांधावर, पाळीवर, ओतायची आणि तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वाटे पडायचे. वाटे करायचं काम माझ्या सासऱ्यांचं.

बुटका माणूस, कानावर विझलेली बिडी, कमरेला पंचा. बोलणं कमी. पण मासळीच्या ढिगाकडे ते बघायला लागले की सगळे गप्प बसायचे. पळसाची पानं मांडायची, प्रत्येक पानावर मासे ठेवायचे. मोठा मासा इथे, मग त्याच्या जोडीला दोन मूठ झिंगे तिथे. इकडचा एक उचलून तिकडे, तिकडची चिल्लर इकडे. कोणी घाई केली तर मान वर न करता म्हणायचे, "थांब ना जी. अजून बराबर नाई झालं." तराजू नाही, काटा नाही, पण त्यांचा हात थांबला म्हणजे वाटे सारखे झाले, यावर सगळ्या पुऱ्याचा विश्वास होता.

मग पत्रूभाऊ, आमच्या पुऱ्यातले सगळ्यात म्हातारे, ढिगांकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करत. सासरे एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा कोनाचा?" पत्रूभाऊ न बघता नाव सांगायचे. ज्याचं नाव पडलं त्याचा तो वाटा. मोठ्या जाळ्याच्या डागडुजीसाठी जाळ्याचाही एक वाटा असायचा. शेवटी जो उरेल तो सासऱ्यांचा. म्हणजे कमीजास्त झालंच तर भोगायचं वाटे करणाऱ्याने.

यात आणखी एक नेम होता आणि तो सासऱ्यांनीच घातलेला. मालगुजारी होती, गाव आणि तळं मालगुजाराचं होतं, तेव्हा वाटे पडून नावं झाली, की मालगुजाराचा माणूस यायचा आणि ज्याच्या पानावर चांगली मरळ दिसेल तिथे हात घालून उचलून न्यायचा. लोक बघत बसायचे. मालगुजारी गेली त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी पाळीवर उभं राहून सांगितलं होतं, की आता एकदा नाव पडलं का त्या वाट्यात कोणाचा हात जाणार नाही. माझासुद्धा नाही. नाव पडल्यावर कोणाचा वाटा खरंच लहान वाटला, तर ज्याची खुशी असेल त्याने आपल्यातला एखादा मासा त्याच्या पानावर टाकावा. टाकता येईल, काढता येणार नाही. हे सांगताना ते रडले होते, असं सासू सांगायची.

आता असा माणूस घरी कसा असेल? तुम्हाला वाटेल, काय भाग्य. मलाही लग्न ठरताना हेच सांगितलं होतं, की डोमाच्या घरी बायकांना उरलंसुरलं खावं लागत नाही. ते खरं होतं. आमच्याकडेही बाया मागूनच जेवायच्या, पण रश्श्यातले तुकडे आधीच वाट्यांमध्ये पडायचे, बायांचेसुद्धा. सासरे स्वतः चुलीपाशी बसून वाटे करायचे. नवी नवरी म्हणून मी डोक्यावरून पदर ओढून कोपऱ्यात बसले होते. माझ्यापुढे वाटी आली, तिच्यात मरळीचा जाड, मधला तुकडा. धानोऱ्याकडच्या माझ्या माहेरी आम्ही सहा भावंडं, असा तुकडा माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मी वाटीला हात लावते न लावते तोच सासऱ्यांचा हात आला, तुकडा उचलला, तो सासूच्या वाटीत गेला आणि तिच्यातले दोन लहान माझ्या वाटीत आले. "आता बराबर झालं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

बरोबर झालं असेल. मला मात्र अंगाची आग आग झाली. नको होता द्यायचा तर द्यायचाच नव्हता. दिलेलं हातातून काढून घेणं ही कसली बरोबरी? पण नव्या सुनेने काय बोलायचं? गिळलं. आणि हे एकदा नाही, रोज. माझी वाटी, सासूची वाटी, माझ्या नवऱ्याचं, इस्तारीचं ताट, सगळ्यांत त्यांचा हात फिरायचा. इस्तारी लहानपणापासून या प्रकाराला इतका सरावला होता, की ताट पुढे आलं की भराभरा गिळायचा. पाहुण्यांना वाटायचं, पोराला भूक फार.

झिंग्या आला तोच मुळी आमच्या लग्नाच्या वर्षी. पाळीवर कोणीतरी सोडून दिलेलं पिल्लू. शिजलेल्या झिंग्यासारखं तांबूस, म्हणून झिंग्या. सासऱ्यांनी त्याला पंच्यात बांधून आणलं, एक मातीचं खापर त्याच्यासाठी ठेवलं. आमची मांजर होती, तिला छपरावरचं एक उलटं कवेलू. दोघांनाही भात आणि माशांची डोकी. आणि मग हा माणूस दोघांच्या मध्ये उकिडवा बसायचा. बघायचा. "याच्यात जास्त झालं वाटते," म्हणायचा आणि पिल्लाच्या तोंडाखालून डोकं काढून मांजरीच्या कवेलूत टाकायचा. कधी खापरच उचलून घ्यायचा, त्यातला भात कमीजास्त करायचा, परत ठेवायचा. पिल्लू आधी नुसतं वर बघायचं. मग घाईघाईने खायला लागलं. मग खाताखाता घशातून घर्र असा आवाज काढायला लागलं. सगळे हसले. "पाहा पाहा, पिल्लू कसं गुरगुरून राह्यलं!" मीही हसले.

वर्षभरात ते हसू जिरलं. कुत्रा वाढला, दात वाढले. खापर पुढे आलं की त्याचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, मान खाली, खांदे वर, डोळे तिरपे. कोणी दहा हातांवरून गेलं तरी घर्र. इस्तारीने एकदा खापराजवळ पडलेला लोटा उचलायला हात घातला, तर झिंग्याने त्याचा पंजाच धरला. हळद भरली, पट्टी बांधली, ऐन हंगामात त्याला जाळं ओढता आलं नाही. कुत्रा पिसाळलेला नव्हता. पिसाळलेला असता तर प्रश्नच मिटला असता. जेवण सोडून बाकीच्या वेळी हा इतका गुणी, की कोणाला सांगावं तर खोटं वाटावं. तळ्यावर सासऱ्यांच्या मागे मागे, घरी माझ्या पायाशी. माझी कमळी झाली, बसायला लागली, तर ती त्याचे कान ओढायची, त्याच्या पोटावर डोकं ठेवून दुपारी झोपायची आणि हा श्वास रोखून पडून राहायचा. याचाच तर जास्त संताप यायचा! वाईट असता तर वाईट म्हणून मोकळं झालो असतो.

सल्ले द्यायला सगळा पुरा तयार. शेजारचा बिरजू म्हणाला, भातात मिरची कालवा. कालवली. कुत्रा दोन दिवस पाणी पीत फिरला आणि तिसऱ्या दिवशी मिरची कालवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, अंगावर आला. सासूने त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. तो त्याने तोडून खाल्ला. कोणी म्हणालं, याचा बाप रानकुत्रा असेल, रक्तातच आहे. कोणी म्हणालं, उपाशी ठेवा. ठेवला. दुसऱ्या दिवशी खापराजवळ वाऱ्याने पान उडून आलं तर पानावर तुटून पडला.

आणि सासऱ्यांचा उपाय तर या सगळ्यांवर ताण. "देनारा मी आहो, हे त्याले समजलं पाह्यजे," म्हणायचे आणि जेवणाच्या मध्ये खापर उचलून घ्यायचे. काठीने त्याला मागे सारायचं, खापर उचलायचं, थोडं थांबायचं, परत ठेवायचं, परत उचलायचं. सवय व्हावी म्हणून! कुत्र्याला सवय झाली ती एकच. खापर दिसलं की लढाई.

"मामाजी, त्याले एकदा सुखानं खाऊ द्या ना जी," मी पदराआडून म्हणायची.

"खाऊनच राह्यला ना तो. मी का उपाशी ठेवतो त्याले? सगळ्याइतकाच वाटा आहे त्याचा. पाय बरं तू, मांजरीच्या आन् त्याच्या वाट्यात काही फरक आहे काय?"

फरक नव्हता. त्या माणसाशी वाद घालणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घेणं.

कमळी रांगायला लागली आणि माझ्या जिवाला घोर लागला. रांगणारं पोर कुठे जाईल, काय उचलून तोंडात घालेल, सांगता येतं का? मी म्हणाले, जेवताना कुत्रा बांधून ठेवा. सासरे म्हणाले, बांधून जेवण म्हणजे कैद्याचं जेवण, आपल्या घरी कोणी तसं जेवत नाही. हो, आपल्या घरी सगळे मोकळे जेवतात आणि भिंतीला चिकटून चालतात!

चैताचे दिवस होते. मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. सासऱ्यांनी झिंग्याला खापर दिलं, आपली नेहमीची काढघाल केली, एक डोकं मांजरीला नेऊन टाकलं आणि पाणी प्यायला आत गेले. पोर माझ्या मागे बसली होती असं मी समजत होते. मागे वळते तर ती खापराशी. तिने हात पुढे केलेला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. झिंग्याने तिचा दंड धरला आणि लगेच सोडला. पोर आधी गप्प झाली, मग तिने जो टाहो फोडला, तो मला अजून ऐकू येतो.

दात खोल गेले नव्हते. लाल वळ आणि एका जागी रक्त. पण तिचा गाल तिथून वीतभरच तर होता. सासू हळद घेऊन धावली. कुत्रा भिंतीपाशी जाऊन अंगाचं मुटकुळं करून बसला. सासरे दारात उभे, हातात लोटा.

मी पदर पडला तरी सावरला नाही. "मामाजी, आता एक तं हा कुत्रा राहीन, नाई तं मी राहीन. पोरीले घेऊन मी धानोऱ्याले जातो. मंग बसा दोघं जन वाटे करत."

इस्तारी म्हणाला, "जरा हळू बोल ना."

"तू तं बोलूच नको. तुह्या हाताले खाल्लं तवा बोलला नाई, आता काय बोलतं?"

सासऱ्यांनी कमळीचा दंड हातात घेतला. फुंकर घातली. ती त्यांच्या अंगावर गेली तर त्यांनी तिला उराशी धरलं. मग म्हणाले, "उद्या जाळं आहे. वाटे झाले का नेतो त्याले. जंगलात सोडून येतो."

जंगलात सोडणं म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. गावातली कुत्री उचलायला बिबट पुऱ्यापर्यंत यायचा, तिथे जंगलातला एकटा कुत्रा किती दिवस टिकणार? मला ते कळत होतं आणि मला ते हवं होतं. मी आई होते. तरी मी गाठोडं बांधलं, माझं लुगडं, पोरीची झबली, आणि ते दारात, सगळ्यांना दिसेल असं ठेवून दिलं. या माणसाचा काय भरवसा? उद्या म्हणतील, थांब ना जी, अजून बराबर नाई झालं.

दुसऱ्या दिवशी सासू पोरीजवळ थांबली आणि टोपली घेऊन मी पाळीवर गेले. मासळी चांगली निघाली होती. सासरे वाटे करायला बसले, पण हात नेहमीसारखा चालत नव्हता. एकच मासा तीनदा इकडून तिकडे. लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी पत्रूभाऊंनी पाण्याकडे तोंड केलं.

"हा कोनाचा?"

"बिरजूचा."

बिरजूने पान आपल्याकडे ओढलं आणि त्याच्यापुढे उकिडवा बसला. सासऱ्यांनी पुढच्या वाट्यावर बोट ठेवलं, पण नजर मागे वळली. बिरजूच्या पानावर एक मरळ होती आणि झिंगेही बरेच राहिले होते. त्यांच्याच्याने राहवलं नाही. "थांब, तुह्याकडे जास्त गेलं," म्हणत त्यांनी हात घातला आणि मरळ उचलली.

बिरजू म्हणजे अगदी साधा माणूस. रोजचं उठणंबसणं आमच्याकडे, माझ्या हातचा चहा प्यालेला. पण त्याची मान खाली गेली, खांदे वर आले, त्याने दोन्ही हात पानावर आडवे टाकले आणि घशातून असा काही आवाज काढला की मी दचकले.

"डोमाभाऊ. नाव पडलं."

"अरे, जास्त गेलं म्हनून..."

"जास्त असो का कमी असो. तूच सांगतलं होतं. नाव पडलं का हात नाई."

पत्रूभाऊ वळून बघायला लागले. एवढ्या वर्षांत वाटे चालू असताना ते कधी वळले नव्हते. सासऱ्यांच्या हातात मरळ तशीच वळवळत होती. त्यांनी ती बिरजूच्या पानावर परत ठेवली. "चुकलं," म्हणाले. मग उरलेले वाटे पार पडले आणि शेवटचा, त्यांचा, आम्ही टोपलीत भरला.

घरी येताना ते पुढे आणि मी डोक्यावर टोपली घेऊन मागे. मला त्यांची दया यायला हवी होती. पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने भणभणत होतं. बिरजूचे ते खांदे, ती मान, तो आवाज. हे मी कुठे पाहिलंय? कुठे म्हणजे काय, रोज पाहते! रोज सकाळी, माझ्याच अंगणात! आणि बिरजूचा बाप काही रानकुत्रा नव्हता.

मी रस्त्यातच थांबले.

"मामाजी!"

सून सासऱ्याला अशी हाक मारत नाही. ते वळले.

"बिरजूभाऊच्या वाट्याचं नाव पडते. पत्रूभाऊच्या वाट्याचं पडते. जाळ्याचासुद्धा वाटा पडते. मंग झिंग्याच्या वाट्याचं नाव कधी पडते जी? तुमी देता आन् काढता, देता आन् काढता. मालगुजाराचा मानूस एक वेळ तं उचलून न्यायचा. तुमी तं रोज चार वेळा उचलता!"

बोलून गेले आणि मीच जीभ चावली. मालगुजाराच्या माणसाचं नाव त्यांच्यापुढे घरात कोणी काढत नसे. ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा असा झाला, जणू मी त्यांना पाळीवरून पाण्यात ढकललं होतं. मग वळून चालायला लागले.

घरी सासूने झिंग्याला दोर बांधून ठेवला होता. सासऱ्यांनी दोर हातात घेतला. कुत्रा शेपटी हलवत उठला, फिरायला जायचं म्हणून. मी पोरीला कडेवर घेऊन दारात, गाठोड्याशेजारी उभी. दोर धरून ते दारापर्यंत आले आणि थांबले.

"पोरी," ते म्हणाले. "थोडे दिस थांबशील काय? परसात ताटी घालून देतो. कमळी ताटीच्या अलीकडं राहीन. जेवताना त्याच्यापाशी कोनी जानार नाई."

"आन् तुमी?"

"मी बी नाई."

नाही म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. पण कमळी कडेवरून झिंग्याकडे झेपावत होती आणि तो तोंड वर करून बघत होता. "गाठोडं सोडनार नाई मी," मी म्हणाले. "दारातच राहीन ते."

त्याच दिवशी त्यांनी बांबूच्या कमच्यांची ताटी विणली, चांगली कमरेइतकी उंच. खापर घासलं. पलीकडे नेऊन ठेवलं, त्यात भात, त्यावर डोकी. मग बोट दाखवून मोठ्याने म्हणाले, "हा झिंग्याचा." आणि पत्रूभाऊंसारखे पाठ करून उभे राहिले.

कुत्रा जेवला नाही. सासऱ्यांच्या पाठीकडे बघत ताठ उभा राहिला, केव्हा वळतो आणि केव्हा काढतो म्हणून. सासरे वळले नाहीत. मी ताटीआडून बघत होते, त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता.

झालं! त्या दिवसापासून घरात नवीन थेर सुरू झालं. कुत्र्याचं जेवण म्हणजे पूजाच. कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. सासूला विहिरीवर जायचं असलं तरी झिंग्याचं होईस्तोवर बादली धरून उभी. "म्हातारपणी कुत्र्याचं सोवळं आलं नशिबी," ती पुटपुटायची. आधी भिंतीला चिकटून चालायचो, आता चालायचीही सोय राहिली नाही. आणि गुण तरी लवकर यावा? एके दिवशी मांजरीच्या कवेलूत कमी दिसलं आणि या माणसाचा हात सवयीने खापराकडे गेला. गुर्र! सगळं मुसळ केरात. "मामाजी!" मी अशी किंचाळले की शेजारून बिरजू धावत आला.

"चुकलं, चुकलं," म्हणत ते मागे झाले. पण त्या दिवशी ते तसेच विचार करत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी खापर ठेवलं, नाव घेतलं, पाठ केली, पार ताटीपर्यंत चालत आले. आणि तिथून माशाचं एक डोकं झिंग्याच्या खापराच्या दिशेने फेकलं. डोकं खापराशेजारी पडलं. कुत्रा दचकला, गुरगुरला, मग ते खाल्लं.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"काढता नाई येत," ते म्हणाले. "टाकता तं येते ना."

मग रोज तेच. ताटीपासून एक डोकं. काही दिवसांनी दोन पावलं पुढून. मग जाता जाता. मांजरीला मात्र वेगळं, ओट्यावर, म्हणजे सासऱ्यांचे डोळे दोन वाटे एकदम बघणार नाहीत. हे शहाणपण सासूचं. धानाची पेरणी लागली, बांधीतून सगळे चिखलाने भरून येऊ लागलो, तरी ती पूजा चुकली नाही. आणि एका सकाळी झिंग्या खात असताना सासरे मागून गेले. पावलांचा आवाज ऐकून त्याने खापरातून तोंड वर काढलं. अंग ताठ झालं नाही. खांदे वर आले नाहीत. त्याने मागे वळून बघितलं आणि शेपटी हलवली. आज काय आणलं, म्हणून.

सासरे तिथेच मातीत बसले आणि पंच्याने तोंड पुसत राहिले.

त्या दिवशी मी गाठोडं सोडलं. आत लुगड्याला कसर लागून भोकं पडली होती. धड लुगडं ते एकच. त्याचाही राग मी झिंग्यावरच काढला.

ताटी मात्र मी काढू दिली नाही. झिंग्या म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याच्या जेवणाच्या वेळी माझ्या पोरांपैकी एकही ताटीपलीकडे गेलं नाही. कुत्रा सुधारला म्हणून आईने डोळे मिटून घ्यायचे नसतात. कमळी अलीकडे बसून बोट दाखवायची आणि बोबडं म्हणायची, "हा झिंग्याचा."

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं, गाठोडं सोडलं त्या दिवशीचं. बिरजूने एक मरळ आणून दिली होती. पाळीवरचं भांडण त्याच्या मनाला लागलं होतं. सासरे नेहमीप्रमाणे चुलीपाशी बसून वाट्या भरत होते. माझ्या वाटीत जाड, मधला तुकडा पडला. सासूच्या वाटीत शेपटीकडचा. सगळ्या वाट्या भरून झाल्या. त्यांची नजर फिरली, माझ्या वाटीवर थांबली. हात निघाला.

खोटं नाही सांगत, माझे खांदे आपोआप वर आले.

हात वाटीवर आला आणि तिथेच राहिला. बोटं हलली. मग त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हा प्रेमिलाचा," ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी नवरी होते, पोरी होते, इस्तारीची होते, कमळीची माय होते. माझं नाव त्या घरात कोणी उच्चारलेलं मला आठवत नव्हतं. त्यांना ते ठाऊक आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला रडू फुटलं. सासू म्हणाली, "आता काय झालं बाई?"

मी वाटी जवळ ओढली. मग तुकडा मोडला आणि त्यातला मोठा अर्धा सासूच्या वाटीत टाकला.